मनगटावर ११ हजार स्टेप्स, कमरेवर पावणेचार हजार: गुडघेदुखीच्या एका पेशंटची हालचाल आम्ही कशी मोजली

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या ६१ वर्षांच्या एका काकूंची ही केस. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी फिजिओथेरपिस्ट, परळ भागात ओपीडी बघते, गुडघ्याची झीज म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस आमच्याकडे रोजचंच, पण ही केस सविस्तर लिहायचं कारण असं की "पेशंट दिवसभरात किती हालचाल करतो" या साध्या प्रश्नाला वेगवेगळ्या साधनांनी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि त्यातल्या कुठल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा त्यावर अख्खी ट्रीटमेंट उलटी-सुलटी होणार होती.

काकू पोळी-भाजी केंद्र चालवतात. शेजारच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर छोटासा गाळा, मदतीला दोन बायका. पहाटे साडेचारला कणिक मळायला घेतात, पाचपासून साडेनऊपर्यंत ओट्यापाशी उभ्यानं पोळ्या, मग डबे भरायचे, संध्याकाळी पुन्हा दोनेक तास तेच. घर दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, लिफ्ट नाही, संडास कॉमन, गॅलरीच्या टोकाला आणि भारतीय पद्धतीचा. उजवा गुडघा तीन वर्षं दुखतोय, डावा वर्षभर. सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडलेला असतो मग मोकळा होतो, जिना उतरताना कळ सगळ्यात जास्त, खाली बसलं की उठायला कशाचा तरी आधार लागतो. उंची १५२ सेंमी, वजन ७४ किलो, म्हणजे बीएमआय ३२. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत उजवीकडे केलग्रेन-लॉरेन्स ग्रेड (एक्स-रेवरून झीज ० ते ४ मध्ये मोजायची पद्धत) ३ आणि डावीकडे २, झीज आतल्या बाजूला जास्त. एक्स-रेबद्दल एवढंच पुरे, कारण फोटो किती वाईट दिसतो आणि माणसाला किती दुखतं यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही.

मुलानं आईला वाढदिवसाला मनगटावरचं स्टेप्स मोजणारं घड्याळ घेऊन दिलेलं. त्यावर रोज ११ हजार, कधी १२ हजार. घरात सगळ्यांचं पक्कं मत झालं की आई एवढं चालते म्हणूनच गुडघे झिजले. आमच्याकडे आली ती चिठ्ठीही तशीच, पेशंट भरपूर ॲक्टिव्ह आहे, हालचाल कमी करायला सांगा, आराम. मुलगा काळजीनं म्हणत होता, "डॉक्टर, तिला आता बसवा हो एका जागी, आमचं ऐकत नाही." आणि काकू म्हणत होत्या, "मी कुठे चालते, मी तर दिवसभर एका जागीच उभी असते." हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं पण पुढचं सगळं त्यावरूनच सुचलं.

कारण तपासणीत जे दिसलं ते ११ हजार स्टेप्सवाल्या बाईचं नव्हतं. ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न लावता किती वेळा उठता येतं ही टेस्ट केली, काकू ७ वेळा उठल्या. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांमध्ये साधारण १२ ते १७ अपेक्षित असतं. सहा मिनिटांत २९० मीटर चालल्या, म्हणजे ताशी तीन किलोमीटरसुद्धा नाही. वोमॅक नावाच्या झिजेच्या त्रासाच्या प्रश्नावलीवर (आकडा जास्त तेवढा त्रास जास्त) दुखणं २० पैकी ११, रोजच्या कामातली अडचण ६८ पैकी ३८. वोमॅकची मूळ प्रश्नावली कॅनडातली, तिच्यात बाथटबमध्ये चढण्या-उतरण्याबद्दल विचारतात, म्हणून पुण्याच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेसनं आपल्याकडच्या राहणीप्रमाणे, म्हणजे उकिडवं बसणं, मांडी घालणं वगैरे धरून बदललेली जी आवृत्ती आहे तीच वापरली. लालबागच्या चाळीतल्या बाईला बाथटबचं विचारून काय कळणार?

पेशंटला तोंडी विचारून हालचाल मोजायची तर आयपीएक्यू नावाची प्रश्नावली जगभर चालते. गेल्या सात दिवसांत जोराची हालचाल किती, मध्यम किती, चालणं किती आणि बसणं किती, तेही एका वेळी निदान १० मिनिटं सलग केलेलं. मग जोराच्या हालचालीला ८, मध्यम हालचालीला ४ आणि चालण्याला ३.३ या मेट आकड्यांनी (मेट म्हणजे स्वस्थ बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते ते) मिनिटांना गुणायचं. काकूंनी पोळ्यांचं काम मध्यम मेहनतीत धरलं, रोज सहा-साडेसहा तास, सातही दिवस, कारण रविवारी केंद्र बंद असलं तरी घरचं असतंच. प्रश्नावलीचा नियम असा की एका प्रकाराचे दिवसाला १८० मिनिटांपेक्षा जास्त धरायचे नाहीत. तसं कापूनही ७ गुणिले १८० गुणिले ४ म्हणजे आठवड्याला ५०४० मेट-मिनिटं आली. ३००० च्या वर गेलं की "हाय" गट. म्हणजे घड्याळ म्हणतंय ॲक्टिव्ह, प्रश्नावली म्हणतेय ॲक्टिव्ह, आणि बाईंना खुर्चीवरून धड उठता येत नाहीये.

इथे प्रश्नावली खोटी किंवा काकू वाढवून सांगतात असं अजिबात नाही. त्या खरंच मेहनत करतात, घाम गाळतात. पण ती मेहनत हाताची, खांद्याची, कमरेची आहे, पाय त्यात खांबासारखे नुसते उभे असतात. प्रश्नावलीला थकवा कळतो, कुठला अवयव थकला ते कळत नाही. आणि गुडघ्याच्या झिजेत आपल्याला जे जाणून घ्यायचंय ते पायाचं आहे, मांडीच्या स्नायूंना किती काम मिळतं, सांध्यावर किती वेळ आणि कसा भार येतो, सलग चालणं होतं का.

मग ठरवलं की आधी घड्याळाचीच परीक्षा घ्यायची. आमच्याकडे इंटर्न मुलगी होती, तिच्या हातात माळेचे जप मोजायला वापरतात ते बटणाचं काउंटर दिलं आणि आम्ही दोघी सकाळी गाळ्यावर गेलो. दहा मिनिटं काकूंनी नेहमीसारख्या पोळ्या लाटल्या. पायांनी टाकलेली खरी पावलं २३, तीही तव्याकडे अर्धं वळणं आणि परत येणं. घड्याळानं दाखवल्या २०६. लाटण्याचा पुढे-मागे झोका, पोळी उलटताना मनगटाचा हिसका, पीठ झटकणं, हे सगळं त्या सेन्सरला पाऊल वाटतं, कारण आत ॲक्सेलरोमीटर असतो, तो फक्त हिसके ओळखतो, हिसका कशाचा ते त्याला कंपनीनं लिहिलेल्या प्रोग्रॅमवरून ताडावं लागतं. मग जिना. कठडा धरून काकू एक मजला चढल्या, २० पायऱ्या, घड्याळानं धरल्या ८. हात कठड्यावर स्थिर असला की मनगटाला हिसकाच बसत नाही. हातात जड पिशवी घेऊन चालताना तसंच, १०० पावलांची ६१ झाली. रिकाम्या हातानं सपाट रस्त्यावर मात्र १०० ची ९५, म्हणजे चांगलंच. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. ज्या कामासाठी ते बनलंय त्या कामात ते ठीक आहे, फक्त काकूंच्या दिवसात ते काम फारच थोडं आहे. नेमकं जिथे गुडघा दुखतो तिथे ते कमी मोजतं आणि जिथे गुडघा हलतही नाही तिथे भरपूर मोजतं. हे माझ्या मते कुठल्याही ओट्याशी काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत तपासून बघायला हवं, आणि तपासायला दहा मिनिटं पुरतात.

दुसरं साधन कमरेला लावायचा ॲक्सेलरोमीटर, रिसर्चमध्ये वापरतात तसला, एका ओळखीच्या पीएचडी करणाऱ्या मुलीकडून मागून आणला. सात दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, आंघोळीच्या वेळी काढायचा. साधारण नियम असा की दिवसात निदान १० तास लावलेला असेल तरच तो दिवस धरायचा आणि असे निदान ४ दिवस हवेत. काकूंचे सहा दिवस धरण्याजोगे मिळाले. एक दिवस साडी बदलताना काढला तो कपाटातच राहिला. साडीवर हा पट्टा कुठे लावायचा हाही एक प्रश्नच असतो, निऱ्यांच्या वर लावला की सरकतो, शेवटी परकराच्या नाडीला आतून क्लिप केला आणि एकदाचा बसला.

आठवडा कुठला निवडायचा यावर आमचा बराच खल झाला. गुडघ्याची झीज असलेल्यांचे दिवस सारखे नसतात, चार दिवस बरे जातात मग दोन दिवस दुखणं भडकतं, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. आणि लालबागमध्ये तर गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे वर्षातला सगळ्यात वेगळा आठवडा, रस्ते बंद, गर्दी, ऑर्डरी दुप्पट. म्हणून जुलैचा दुसरा आठवडा घेतला, ना सण ना लग्नसराई. पाऊस होता, ते टाळता येण्यासारखं नव्हतं.

निकाल आला. कमरेवर दिवसाला सरासरी ३७८० स्टेप्स. त्याच दिवसांत मनगटावर सरासरी ११२४०. मिनिटाला १०० पावलं किंवा जास्त, म्हणजे साधारण मध्यम वेगाचं चालणं ज्याला म्हणतात, ते दिवसाला जेमतेम ४ मिनिटं, तेही तुकड्या-तुकड्यांत, रस्ता ओलांडताना वगैरे. डब्ल्यूएचओची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीची आहे, १० मिनिटं सलग असलंच पाहिजे ही जुनी अट त्यांनी काढून टाकलीय, तरीही हे फार फार कमी आहे. आणि काकू यात एकट्या नाहीत. अमेरिकेत ऑस्टिओआर्थरायटिस इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात गुडघ्याची झीज असलेल्यांना असाच पट्टा लावून मोजलं होतं, २०११ मध्ये छापून आलं, शिफारशीइतकी हालचाल करणारे पुरुष १२.९ टक्के आणि बायका ७.७ टक्के निघाल्या.

पण कमरेच्या पट्ट्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवला नाही. हळू चालणाऱ्यांची पावलं तो गाळतो, काकूंच्या चालीला १०० ची ८७ पकडत होता. शिवाय माणूस बसलाय की स्थिर उभा आहे हे कमरेवरून नीट कळतच नाही, दोन्हीकडे हालचाल शून्याजवळ. काकूंचे पहाटेचे साडेचार तास त्या ग्राफवर असे दिसत होते जणू बाई टीव्ही बघत बसलीय. उभं-बसलेलं वेगळं ओळखायला मांडीवर चिकटवायचे सेन्सर असतात, उभं असताना मांडी उभी आणि बसल्यावर आडवी एवढ्या सोप्या गोष्टीवर ते चालतात, पण ते आमच्याकडे नव्हते. म्हणून वही केली. आठवीतली नात रोज रात्री आजीला विचारून तासातासाचं लिहायची, काय केलं, उभं की बसून की चालत, जिना किती वेळा, दुखणं ० ते १० मध्ये किती. माझ्यासाठी या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद तोच. नातीनं एका दिवशी समासात लिहिलं होतं, "आजी सांगते ५ पण चेहऱ्यावरून ७ वाटते." ते मी आकड्यांशेजारी तसंच ठेवलं.

वही आणि ग्राफ शेजारी ठेवल्यावर चित्र दिसलं. पहाटे कामाला लागताना दुखणं २-३. सातच्या सुमारास, म्हणजे दोन तास सलग उभं राहिल्यावर, ६. साडेनऊला ७. मग बसल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं पाय सरळच होत नाही. संध्याकाळी बाजारात जाऊन आल्या त्या दिवशी चालून आल्यावर दुखणं ४, आणि अर्ध्या तासात पुन्हा ३. म्हणजे चालण्यानं होणारा त्रास कमी होता आणि लवकर उतरत होता, उभं राहण्याचा त्रास जास्त होता आणि दुपारपर्यंत रेंगाळत होता. जिना दिवसात पाच-सहा वेळा चढ-उतार, प्रत्येक उतरण्याला कळ. यामागचं कारण मोजलेलं आहे, बर्लिनच्या चारिटे हॉस्पिटलमध्ये सेन्सर बसवलेले कृत्रिम गुडघे पेशंटना घालून आतला भार थेट मोजला होता, २०१० मध्ये छापलं, सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या साधारण २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना साडेतीन पटीच्या जवळ. काकूंच्या ७४ किलोला याचा हिशोब करून बघा. आणि स्टेप्स मोजणाऱ्या कुठल्याही साधनात जिन्यातलं पाऊल आणि फुटपाथवरचं पाऊल दोन्ही एकच.

तर चिठ्ठीतला सल्ला पाळला असता तर काय झालं असतं? बाईंनी बाजाराला जाणं बंद केलं असतं, कारण "हालचाल कमी" म्हटलं की घरचे पहिलं तेच बंद करतात, आणि ओट्याशी उभं राहणं तसंच राहिलं असतं कारण ते पोटापाण्याचं आहे. जे थोडंफार चांगलं होत होतं तेच गेलं असतं. मला याची फार काळजी वाटते, कारण असे आराम सांगितलेले पेशंट वर्ष-दोन वर्षांनी मांड्या सुकवून येतात आणि मग व्यायाम सुरू करणं दुप्पट अवघड होतं.

प्लॅन त्यामुळे असा झाला. उभं राहणं फोडायचं. ओट्याच्या उंचीला जुळेल असं उंच स्टूल, अर्धवट टेकून लाटायचं, एक पाय पाटावर आणि तो थोड्या थोड्या वेळानं बदलायचा, आणि चाळीसेक पोळ्या झाल्या की लाटणं दुसऱ्या बाईकडे देऊन आपण डबे भरायला जायचं. आधी काकू तयार नव्हत्या, "माझ्या पोळीला जो पापुद्रा सुटतो तो तिच्या हाताला नाही." मग दोन आठवडे त्यांनीच तिला शिकवलं. जिना कमी करायचा, त्यासाठी चाळीचा जुना उपाय, दोरीला टोपली, दूध-भाजी-किल्ल्या वरून खाली खालून वर. संडासात आतल्या बाजूला भिंतीला पक्कं हँडल बसवलं, शेजाऱ्यांनाही ते हवंच होतं. आणि मग वाढवायचं ते, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून उठ-बस, पाय सरळ उचलणं, रबरी पट्ट्यानं जोर, आठवड्यातून तीन दिवस. वजनासाठी आहारतज्ज्ञाकडे पाठवलं, लावायचं जेल डॉक्टरांनी दिलंच होतं.

चालण्याचं टार्गेट ठरवताना मुलानं विचारलं, १० हजारच ना? तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये एका स्टेप्स मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, मानपोकेई म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं यंत्र, गुडघ्यांचा अभ्यास करून कुणी काढलेला नाही. गुडघ्यांच्या बाबतीत २०१४ चं एक काम आहे, झीज असलेल्या किंवा होण्याचा धोका असलेल्या लोकांना दोन वर्षं बघितलं तर दिवसाला ६ हजारच्या आसपास चालणाऱ्यांना पुढे कामात अडचण येण्याचा धोका कमी दिसला. पण त्या लोकांना घोट्याला लावायचा सेन्सर होता, तो हळू पावलंही नीट पकडतो, म्हणून त्यांचे ६ हजार आणि आमच्या पट्ट्याचे ६ हजार एकास एक लावता येत नाहीत. आम्ही कमरेवर ५ हजारच्या वर हे पहिलं टार्गेट धरलं आणि स्टेप्सपेक्षा वेगाकडे जास्त लक्ष दिलं. फोनवर मेट्रोनोम ॲप, मिनिटाला १०० ठोके, आधी पाच मिनिटं मग दहा, जवळच्या मैदानात सकाळचे डबे गेल्यावर, पाऊस असला तर चाळीच्या गॅलरीत. लालबागच्या फुटपाथवर त्या वेगानं सलग चालणं शक्यच नाही, हे ज्यानं तिथे चालून बघितलंय त्याला सांगायला नको.

पुन्हा मोजायला डिसेंबर उजाडला, कारण मध्ये गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. फराळाच्या दिवसांत दुखणं भडकलं होतं, सलग बसून करंज्या. डिसेंबरमध्ये तेच कमरेचं यंत्र, तीच वही, पाच दिवस धरण्याजोगे. कमरेवर सरासरी ५१३०. मध्यम वेगाचं चालणं दिवसाला १९ मिनिटं. खुर्ची टेस्ट ७ वरून १०. सहा मिनिटांत ३४५ मीटर. वोमॅकचं दुखणं ११ वरून ७, अडचण ३८ वरून २९. वजन दोन किलो कमी. आणि मनगटावरचं घड्याळ? ११२४० वरून ९६००. लाटणं दुसऱ्या बाईबरोबर वाटून घेतलं ना. म्हणजे घड्याळाचं ऐकलं तर या पाच महिन्यांत काकूंची हालचाल कमी झाली. मुलगा दोन्ही आकडे बघून बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे मी तिला उगाच ओरडत होतो." त्याला मी सांगितलं की घड्याळ घेऊन दिलं म्हणून तर हा प्रश्न पुढे आला.

यातलं काय पक्कं मानायचं आणि काय नाही? खुर्ची टेस्टमध्ये दोन-तीनचा फरक खरा धरतात, ३ चा आहे. सहा मिनिटांच्या चालण्यात झीज असलेल्या पेशंटमध्ये ६१ मीटरच्या आतला फरक मोजण्याच्या चुकीतही बसू शकतो, आमचा ५५ चा आहे, तेव्हा त्यावर मी भर देणार नाही. जुलैत पाऊस होता आणि डिसेंबरात कोरडं, त्यामुळे वाढलेल्या स्टेप्समधला काही वाटा हवामानाचा असणारच. दुखणं कमी होण्यात स्टूलचा वाटा किती आणि व्यायामाचा किती हे एका पेशंटवरून वेगळं काढता येणार नाही. पण वहीत सकाळी साडेनऊचं दुखणं ७ वरून ४ वर आलंय, आणि काकूंच्या दृष्टीनं तो आकडा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

पुढचं मोजमाप येत्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवलंय, पावसाळ्याची पावसाळ्याशी तुलना होईल. तोवर मांडीवरचा सेन्सर मिळवायची खटपट चालू आहे, म्हणजे उभं राहण्याचे तास नातीच्या वहीवर सोपवावे लागणार नाहीत. ती आता नववीत जाईल, तरी वही चालू ठेवणार म्हणतेय. डावा गुडघा तेवढा थोडा कुरकुरायला लागलाय, त्याचे व्यायाम जानेवारीपासून वाढवलेत.